एका टाय रॉडपायी

विन्स्टन-सेलम, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, संध्याकाळ

ती. आप्पांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात आई मध्ये बोलते, म्हणून या खेपेला सगळं लिहूनच काढतोय. बारक्याला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय.

मागे व्हिडिओ कॉलवर तुम्हाला शेजारच्या आजोबांची शेड दाखवली होती. पत्र्याची, आत जुना लेथ, वेल्डिंगचं मशीन, आणि मधोमध दारं वेल्डिंग करून बंद केलेली मोटार. "मग आत शिरतात कुठनं, खिडकीतनं?" म्हणून तुम्ही हसला होता. खिडकीतूनच शिरतात. त्या मोटारीची काल रात्री पुरती वाट लागली. ती कशी लागली ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण इथे ऑफिसातल्या आपल्या लोकांना सांगायला गेलं की ते विचारतात, "पण जिंकलं तर मिळतं किती?" आणि तिथेच बोलणं संपतं.

आजोबांना सगळे पापॉ म्हणतात आणि आजींना मॅमॉ, म्हणून मीही तेच म्हणतो. पापॉंनी सिगारेटच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात हयात घालवली. हे गावच मुळी तंबाखूवर वाढलेलं. मुलगा ट्रकच्या गॅरेजात फोरमन आहे, गाडीची सगळी मांडणी तो बघतो. गाडी चालवते नात, एकोणीस वर्षांची. मॅमॉ स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसतात. टायरची हवा बघणं आणि घेर मोजणं माझ्याकडे. शर्यतीत गाडी सारखी डावीकडेच वळते, म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा इंच-दोन इंच जास्त घेराचा लावतात. मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल लॉक केलेला असतो, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, मग घेरातल्या फरकामुळे गाडी आपोआप डावीकडे ओढते. हवा थोडी कमी-जास्त झाली तरी घेर बदलतो, म्हणून टेप घेऊन सारखं टायरभोवती फिरायचं.

शर्यत होते ते बोमन ग्रे स्टेडियम. फुटबॉलचं मैदान आणि त्याच्याभोवती पाव मैलाचा, म्हणजे चारशे मीटरचा डांबरी रस्ता. वळणांवर उतार नावाला नाही, अगदी सपाट. घोड्याच्या नालेसारख्या पायऱ्या, आणि हजारो माणसं इतक्या जवळ बसलेली की आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाची आठवण यावी. आरडाओरडाही तसाच, एकाला डोक्यावर घ्यायचं आणि दुसऱ्याची हुर्यो उडवायची. १९४९ पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी इथे गाड्या पळतात. रिचर्ड पेटी म्हणून यांचा मोठा नामांकित, त्याचा शंभरावा विजय १९६९ साली इथलाच. २०२५ च्या फेब्रुवारीत तर टीव्हीवरचे मोठमोठे ड्रायव्हर इथे येऊन पळवून गेले. पण शनिवारी पळणारे म्हणजे प्लंबर, मेकॅनिक, शेतकरी अशीच मंडळी. लोक या मैदानाला 'मॅडहाउस' म्हणतात. का, ते पुढे कळेलच.

(बारक्याला एवढं सांगा की या खेळाचा जन्म चोरट्या दारूच्या वाहतुकीशी जोडलेला आहे. इथून पश्चिमेला डोंगरात विल्क्स काउंटी आहे, तिथली पोरं हातभट्टीची दारू पोचवताना पोलिसांना चकवायला इंजिनं तयार करायची आणि रविवारी त्याच गाड्या आपसात पळवायची. ज्युनियर जॉन्सन त्यातलाच. भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, पुढे शर्यतींचा राजा झाला आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. आईला हे वाचून दाखवू नका, मी कुणाच्या संगतीत आहे म्हणून काळजी करेल.)

काल दुपारी चारलाच ग्रह फिरल्यासारखं झालं. शर्यतीआधी गाडी चार वजनकाट्यांवर चढवतात, प्रत्येक चाकाखाली एक. डाव्या बाजूला जास्त वजन ठेवलं तर गाडी चांगली वळते, म्हणून त्यावर मर्यादा असते. आमचं डावं वजन थोडं जास्त भरलं. शिशाचे ठोकळे सोडवून उजवीकडे हलवले, काट्यावर पास झालो, पण सरावात गाडी वळेनाच. स्टिअरिंग पुरतं फिरवलं तरी पुढची चाकं बाहेरच घसरायची. मुलानं मागच्या स्प्रिंगचे स्क्रू फिरवून बघितले, मी टायरमधली हवा बदलली, पापॉ नुसते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. वेळ नोंदवायची फेरी झाली तेव्हा आमचा नंबर खालून मोजलेला बरा, असा आला. म्हणजे सुरुवात पार मागून.

आणि मागून सुरुवात म्हणजे पुढच्यांचा सगळा गोंधळ आपल्या अंगावर. तिसऱ्याच फेरीत पुढे दोघं एकमेकांत अडकले, तिनं ब्रेक दाबला, मागच्यानं दाबला नाही. मुद्दाम ठोकलं असं मी म्हणणार नाही. या मैदानावर पुढच्याच्या बंपरला धक्का देऊन त्याला रेषेवरून बाजूला काढणं हा खेळाचाच भाग आहे, आमच्या पोरीनंही तो केलेला आहे. पण धक्का कोपऱ्यावर बसला, गाडी गर्रकन फिरली आणि उजवं पुढचं चाक भिंतीवर जाऊन आदळलं.

पिवळा झेंडा, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा. गाडी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत आली. आता आप्पा, इथून तुम्ही असायला हवे होतात. मिनिटांचा खेळ. फेंडर टायरला घासत होता, तो पापॉंनी घणानं बाहेर काढला, वय बहात्तर. रेडिएटर वाचला होता. मुलगा खाली सरपटला आणि मी पुढून टेप धरली, दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंगाचं माप घ्यायला. पाऊण इंचाचा फरक! गाडी सरळ उभी आणि स्टिअरिंग पाव फेरा वाकडं. म्हणजे टाय रॉड, स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणारा दांडा, वाकलेला. दुसरा टाय रॉड ट्रेलरवर होता, पण बदलायला वेळ नव्हता. मुलानं स्लीव्ह, म्हणजे रॉडची लांबी कमी-जास्त करणारी आट्यांची नळी, फिरवून चाकं जेमतेम सरळ केली.

वर आल्यावर तो म्हणाला, "बस झालं. गाडी ट्रेलरवर चढवू."

पोरगी हेल्मेटमधूनच म्हणाली, "चाकं फिरतायत ना?"

त्यानं पापॉंकडे बघितलं. पापॉ काहीच बोलले नाहीत, घण खाली ठेवून बाजूला झाले. आणि ती गेली.

माझं विचाराल तर गाडी तिथेच थांबवायला हवी होती. वाकलेला टाय रॉड म्हणजे केव्हा तुटेल ते सांगता येत नाही, आणि सपाट वळणावर सगळा भार त्याच उजव्या पुढच्या चाकावर येतो. पण मी तिथे हवा भरायला असतो, सल्ला द्यायला नाही.

पुढच्या आठ-नऊ फेऱ्या मात्र तिनं जी गाडी चालवली, तसली मी इथे पाहिली नव्हती. गाडी वळत नव्हती, मग तिनं वळायचं तंत्रच बदललं. ब्रेक लवकर, आत खोल शिरायचं नाही, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून मागची बाजू थोडी घसरू द्यायची आणि त्या घसरण्यानंच गाडी वळवून घ्यायची. एकेक करत ती सातव्या नंबरावर आली. मॅमॉ प्रत्येक फेरीला वेळ मोठ्यानं वाचत होत्या. मघाशी हुर्यो करणारे आमच्या मागच्या पायऱ्यांवरचे लोक उभे राहिले होते.

तिसऱ्या वळणात शिरताना टाय रॉड तुटला. आवाज आला नाही, इंजिनांच्या गोंगाटात ऐकू येणं शक्यच नव्हतं. नुसतं दिसलं की डावं चाक वळलंय आणि उजवं वळलेलं नाही. गाडी नाकासमोर भिंतीकडे गेली. धडकली ती धडकली, वर मागून येणाऱ्यानं दारात घातली. लाल झेंडा, शर्यत थांबली. मुलगा धावत निघाला, त्याला अडवला, असं मध्ये जाऊ देत नाहीत. पोरीनं खिडकीची जाळी खाली टाकली. ती खाली टाकली म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे, अशी खूण असते. मॅमॉंनी तेव्हा वही मिटली. तोवर त्यांचं स्टॉपवॉच चालूच होतं.

पोरीला काही झालं नाही, मनगट सुजलंय तेवढं. गाडीचं म्हणाल तर पुढची फ्रेम डाव्या अंगाला गेली, रेडिएटर पंख्यात घुसला, उजवं सस्पेन्शन सगळं गोळा करून बादलीत घालून आणलं.

तुटलेला टाय रॉड पापॉंनी हातात घेतला आणि टॉर्चखाली माझ्यापुढे धरला. तुम्ही बघताक्षणी ओळखलं असतंत. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून अधिक भाग तांबूस काळपट, गंज चढलेला, आणि उरलेला ताजा, पांढरा, दाणेदार. म्हणजे कालच्या धक्क्यानं तो वाकला खरा, पण चीर आधीपासूनच होती, केव्हाच्या तरी जुन्या दणक्याची. आणि तुटला कुठे, तर स्लीव्हमधून जिथे आटे बाहेर पडतात तिथे, अगदी शेवटच्या आट्याच्या मुळाशी. उद्यमनगरात तुम्ही पोरांना ओरडायचात, आटा संपतो तिथे गोलाई सोडा, धारदार खाच ठेवू नका म्हणून. किंमत म्हणाल तर गाडीतल्या स्वस्त भागांपैकी एक. बाजारात पैशाला पासरी.

पापॉंनी तो मुलाच्या हातात दिला, मुलानं पोरीच्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. मला वाटलं होतं आता जुंपणार.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे परतीच्या वाटेवर हायवेवर ट्रेलरचा टायर फुटला. स्टेपनी गेल्या महिन्यात कुणाला तरी दिलेली, ती परत आलेलीच नाही. मध्यरात्र उलटून गेलेली, उकाडा आपल्या मे महिन्यासारखा, डास. मी आणि मुलगा माझ्या गाडीतून घरी जाऊन चाक घेऊन आलो. आलो तर पोरगी ट्रेलरवरच्या मोडक्या गाडीत बसून झोपलेली आणि दोघं म्हातारी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून थर्मासातली कॉफी पीत होती.

आज सकाळी मॅमॉंनी डबा उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात फक्त शर्यतीचे पैसे. त्यांचा नियम असा, की पापॉंच्या पेन्शनीतून महिन्याला ठरलेली रक्कम त्यात पडते, मुलगा त्याची घालतो, पोरगी तिच्या नोकरीतून घालते, बक्षिसाचं मिळेल ते त्यातच. डब्यात असेल तेवढ्यावर गाडी पळते. डबा रिकामा झाला की गाडी शेडमध्ये. उधारी नाही, कार्ड नाही, घराच्या पैशाला हात नाही. पहिला नंबर आला तरी बक्षिसातून टायर आणि पेट्रोल निघता निघत नाही, हे तिघांनाही पाठ आहे. आज डब्यात निघाले ते नव्या रेडिएटरलाही पुरणार नाहीत. म्हणजे हा सीझन संपला. ऑगस्टपर्यंतचे शनिवार आता घरीच. पोरीनं थोडं रडून घेतलं आणि दुपारी जाऊन वाकलेला फेंडर सोडवायला लागली.

आप्पा, हे सगळं इतकं लांबण लावून लिहिलं त्याला कारण दादाचं खोंड. आईनं सांगितलंय मला. दादाचं म्हणणं, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींना कायमची वाट मोकळी करून दिली, आता नाही तर कधी. तुमचं म्हणणं, लाखांची जनावरं घेऊन घर बुडवायचं आहे का. मी इथून तुम्हा दोघांत पडावं की नाही कळत नाही, पण नाद सोड म्हणून दादा सोडणार नाही, तुम्हीही त्याच्या वयात लाल मातीचा सोडला नव्हता. त्याला म्हणावं डबा कर. ऊसबिलातला किती हिस्सा त्यात जाईल ते आधी वहिनीसमोर ठरव, किल्ली वहिनीकडे दे, आणि सोसायटीचं कर्ज त्यात येता कामा नये. डब्यात बसेल तेवढंच खोंड. बसत नसेल तर दुसऱ्याच्या गाड्याला हात लावायला जाऊ दे, मी इथे टायर मोजतो तसा. पहिल्या डब्यात माझ्याकडून थोडे घालीन, पण ते तुम्ही हो म्हणालात तरच. दादाला आधी सांगू नका.

आता एक तुमच्या कामाचं. पुढची फ्रेम सरळ करायची आहे. मुलगा म्हणतो तापवून ओढू, साखळी लावून. पापॉ म्हणतात फ्रेमची एकदा दुमडलेली पोकळ पेटी तापवली की तिचा जोर जातो, तेवढा तुकडा कापून नवा घालावा आणि आतून पट्टी द्यावी. पेटी चौकोनी आहे, पत्रा साधारण तीन मिलिमीटर, दुमड उजव्या मोटार माउंटच्या चार बोटं पुढे. फोटो बारक्याला पाठवलेत, चष्मा लावून बघा आणि तुम्ही असतात तर काय केलं असतं ते त्याच्याकडून लिहून पाठवा. बुधवारी संध्याकाळी आम्ही कापायला बसणार आहोत, त्याआधी कळलं तर बरं. पापॉंना मी सांगून ठेवलंय की कोल्हापूरला विचारतो म्हणून.

आईला आणि वहिनीला नमस्कार.

तुमचा
धाकटा