आचके म्हणजे श्वास नव्हे

मा. संपादक,

गरब्याच्या मैदानात किंवा आपल्या वडोदऱ्यातल्या मांडवीच्या गर्दीत कुणी अचानक कोसळले की लोक तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात, धरून बसवतात. हृदय थांबले असेल तर यात मोलाची मिनिटे जातात. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, एवढे छाती दाबायला (सीपीआर) सुरुवात करण्यास पुरे. नाडी शोधत बसू नका. थांबून थांबून येणारे, घोरल्यासारखे आचके म्हणजे श्वास नव्हे. सर्वाधिक फसगत इथेच होते.

एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवावा. दुसऱ्याने रुग्णाला कडक जमिनीवर उताणे झोपवावे, गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर हृदयात रक्त पुरेसे भरत नाही. दर २ मिनिटांनी माणूस बदला. थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नका, ती जुळते. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र तोंडाने श्वासही द्यायला हवा.

वाचून हात बसत नाही. दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी गणेश मंडळांनी मांडवाच्या कामाआधी एक संध्याकाळ पुतळ्यावरच्या सरावासाठी ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– काही प्रथमोपचार प्रशिक्षक, वडोदरा