गरोदर बाईला लाईटच्या उपचारासाठी एवढं लांब का जावं लागतं?

मा. संपादक,

माझ्या धाकट्या जावेच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथेच, पांढरट चट्टे आले होते. घरात कुणी नायटा म्हणालं, कुणी हळूच कोड म्हणालं, आणि चार वर्षं मेडिकलमधून ट्यूब आणून चोळली, लावली की चट्टा पुसट व्हायचा, बंद केली की परत हजर. शेवटी मुंबईत कातडीचा तुकडा काढून तपासला, पहिल्यांदा काही निघालं नाही, दुसऱ्यांदा निघालं. मायकोसिस फंगॉइडिस. नावावरून बुरशी वाटते पण बुरशीशी काही संबंध नाही, हा कातडीतला लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बहुतेकांना पन्नाशीनंतर होतो, पण हा पांढऱ्या चट्ट्यांचा प्रकार सावळ्या कातडीत आणि तरुणपणी जास्त दिसतो. आणि लागट अजिबात नाही, हे मला अख्ख्या वाडीला सांगत फिरावं लागलं.

त्यानंतर एका ठिकाणी तिला ह्या आजारावर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहून दिल्या, लग्न झालेल्या तिशीच्या पोरीला मूल हवंय का हे एका शब्दाने विचारलं नाही! इथल्या मेडिकलमध्ये गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून राहिल्या, आणि दोन महिन्यांनी तिला दिवस गेले. ही गोळी आणि ह्याच आजारावरची दुसरी, बेक्सारोटीन, दोन्ही पोटातल्या बाळाला घातक, हे आम्हाला नंतर कळलं. लगेच घरात "पाडून टाका" सुरू झालं. पण कातडीच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी एकत्र बसून सांगितलं, नुसते चट्टे आहेत, सुरुवातीची स्टेज आहे, बाळ ठेवायला हरकत नाही, फक्त औषध जपून. म्हणून आता नॅरोबँड यूव्हीबी लाईट, म्हणजे मशीनने कातडीवर अतिनील किरणं देतात तो उपचार, चालू आहे, तो गरोदरपणात चालतो, सोरालेन हे औषध आधी घेऊन देतात तो नाही चालत. लाईटने अंगातलं फोलेट, म्हणजे बाळाला लागणारं जीवनसत्त्व, कमी होऊ शकतं म्हणून फॉलिक ॲसिड न चुकता.

पण लाईट आठवड्यातून तीनदा, आणि आमच्या गावाहून जायला अडीच तास एसटी, यायला तेवढेच. कोडाला, सोरायसिसला हेच मशीन लागतं, म्हणजे पेशंट कमी पडणार नाहीत. ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बसवा, आणि असली गोळी लिहिण्याआधी बाईला दिवसांचं विचारा, एवढंच मागणं आहे.

जावेला सातवा लागलाय. आज पहाटेच्या गाडीने गेलीय, उशीला पाठीमागे टॉवेलची गुंडाळी घेऊन. दोन वाजले, अजून आलेली नाही.

– एक वाचक, देवगड तालुका