माझ्या बुटांत वर्तमानपत्र भरणाऱ्या मावशींना

ती. स्व. मावशींना,
साष्टांग नमस्कार.

स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्री गावी तुमच्या घरी उतरले, ते चार दिवस मी तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारली आणि दर वेळी जीभ अडखळली. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची सवय आम्हाला नाही. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे आणि त्यात तुम्ही मावशी आहात. माझी लेक ग्लासगोहून फोन करून तुम्हाला ते समजावून सांगेल.

पिटलॉक्रीला कशासाठी आलात, असं तुम्ही पहिल्याच संध्याकाळी विचारलंत. मी एवढंच म्हटलं, "डोंगरासाठी." पण त्यामागे बरंच काही होतं. आदल्या वर्षी मी एका प्रवासी कंपनीबरोबर स्कॉटलंडला आले होते. त्यांच्या पत्रकात हायलँड्सच्या डोंगराळ भागात रोज चालणं आहे, असं छापलं होतं. प्रत्यक्षात डोंगर दिसले ते बसच्या काचेतून. उतरायचं ते फोटोपुरतं. मी तक्रार केली तेव्हा बरोबरचा माणूस म्हणाला, "काकू, या वयात गुडघे सांभाळा." तीस वर्षं दर रविवारी अजिंक्यतारा चढणाऱ्या बाईला तो हे सांगत होता! त्याच सहलीत एका हॉटेलात भिजलेले बूट वाळवायला जागा मागितली, तर हातात प्लास्टिकची पिशवी दिली आणि भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेच ओले बूट घालून फिरले, टाचेला फोड आले. पैसे गेल्याचं दुःख ओसरलं, पण ती पिशवी अजून मनातून जात नाही.

म्हणून या खेपेला एकटी आले. आम्ही सह्याद्रीत फिरणारी माणसं गडाआधी पायथ्याचं गाव बघतो. पाणी कुठे, वाट कुठून सुटते, रात्री पाठ कुठे टेकता येईल. पिटलॉक्री मला तसंच वाटलं. एडिंबरोहून रेल्वेने दोनएक तास. स्टेशनातून पायी निघालं की मैलभर वर मूलिन हे खेडं, आणि तिथून थेट बेन व्रॅकी डोंगराची वाट. गाडी लागत नाही, कुणाची मिनतवारी नाही.

पहिल्याच दिवशी त्या वाटेवर मी हरले. झाडी संपून माळ लागला तेव्हा पाऊस आला. डोंगराखालच्या तळ्याशी पोचले तर वरचं काहीच दिसेना, सगळं ढगात. वाट सोडून एक पाऊल बाजूला टाकलं आणि पाय पोटरीपर्यंत काळ्या दलदलीत गेला. तिथूनच परत फिरले. तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा बुटांतून पाणी निथळत होतं, आणि मी तोंडातल्या तोंडात माफीची वाक्यं जुळवत होते. तुमचा गालिचा, तुमची फरशी.

तुम्ही माफी ऐकूनच घेतली नाहीत. बूट माझ्या हातातून काढून घेतलेत. चिखलाने घट्ट बसलेल्या नाड्या तुमच्या त्या सुजलेल्या सांध्यांच्या बोटांनी एकेक भोक मोकळं करत सोडवल्यात, आतली गादी काढलीत, आणि जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून पार चवड्यापर्यंत भरलेत. मला म्हणालात, जा, आधी गरम पाण्याने अंघोळ करून ये.

रात्री साडेदहाला पाणी प्यायला खाली आले. जूनमधला तुमचा उजेड तेव्हाही खिडकीत होता. तुम्ही झोपायच्या कपड्यांत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होतात, माझा बूट मांडीवर घेऊन. ओले बोळे काढून कोरडे भरत होतात. मी जिन्यातच थांबले. पुढे येऊन "राहू द्या" म्हणायला हवं होतं, ते जमलं नाही. मावशी, आमच्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात. मोठ्या माणसाने धाकट्याच्या पायताणाला हात लावायचा नसतो. तुम्ही ते चिखलाचे बूट मांडीवर घेतले होतेत. मी तशीच वर गेले आणि खूप दिवसांनी रडले.

सकाळी बूट कोरडे होते. ढग मात्र हटले नव्हते. आज डोंगर नको, झाडीत जा, असं म्हणून तुम्ही मला किलीक्रँकीला पाठवलंत. गॅरी नदीची ती अरुंद घळ पाहिली. 27 जुलै 1689 ला डोंगरउतारावरून तुटून पडलेल्या हायलँडरांपुढे सरकारी फौज याच घळीतून पळाली. एका सैनिकाने जीव वाचवायला अठरा फूट उडी मारून नदी ओलांडली म्हणतात. तो कातळ पाहताना मला घोडखिंड आठवली. आमच्या खिंडीत माणसं पळाली नाहीत, उभी राहिली, पण दगडावरचं शेवाळं आणि पाण्याचा आवाज तोच.

दुपारी धरणावर गेले. सामन माशांना समुद्रातून वर जाता यावं म्हणून तिथे 34 टाक्यांची शिडी बांधली आहे, आणि त्यांतल्या तीन टाक्या मोठ्या, नुसत्या विसाव्यासाठी. संध्याकाळी तुम्हाला हे सांगितलं तर म्हणालात, "मग? तूही काल तळ्याशी थांबलीस, एवढंच."

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. तळ्यानंतरच्या त्या दगडी पायऱ्यांनी जीव काढला, पण बेन व्रॅकीच्या माथ्यावर, 841 मीटरवर पोचले. पश्चिमेला शिहॅलियनचा डोंगर स्पष्ट दिसत होता. वारा इतका होता की बसूनच पाहावं लागलं. पाय कोरडे होते.

पाचनईला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी एका म्हातारीने एकदा मला चुलीपुढची जागा देऊन स्वतः दारात बसणं पसंत केलं होतं. तुम्हा दोघींची भाषा एकमेकींना कळणार नाही. पण तुम्ही एका घरात राहिलात तर भांड्याला भांडं लागणार नाही, एवढं खात्रीने सांगते. तुमच्या देशाने 2003 मध्ये कायदाच केला की जबाबदारीने वागणाऱ्याला रानावनातून कुठूनही चालता यावं. भरवसा ठेवणारी माणसं असल्याशिवाय असा कायदा होतो का? वाटेतल्या फाटकाची कडी मी जाता-येता नीट लावली आहे.

लेकीबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे पाठवते आहे. डब्यात खाली आणि वर मराठी वर्तमानपत्र घातलं आहे. पेढे संपले की तो कागद टाकू नका. तुमच्या दारात पुन्हा कुणी भिजून आलं की उपयोगी पडेल.

तुमची,
साताऱ्याची पाहुणी