पैसे सिक्युअर इरेजचे, काम क्विक फॉरमॅटचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एसएसडी पुसल्याचे खोटे प्रमाणपत्र व 999 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

इंदूरला रामबागेत माझे कर-सल्लागाराचे ऑफिस आहे. तिथली जुनी 480 जीबीची साटा एसएसडी (चिप्सवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) भाच्याला द्यायची होती. तिच्यात अशिलांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळे होते, म्हणून गेल्या महिन्यात ती तुमच्या सेवा केंद्रात नेली. बिलावर ‘सिक्युअर इरेज, नंतर दोन नवी पार्टिशन’ असे स्पष्ट लिहिले आहे. सिक्युअर इरेज म्हणजे सगळा डेटा स्वतःच पुसून टाकण्याचा ड्राइव्हला दिलेला आदेश.

काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर ड्राइव्ह यूएसबी डॉकमध्ये खोचली, जुने पार्टिशन उडवले, दोन नवी केली, क्विक फॉरमॅट मारला. "हो गया सर." वर शिक्क्याचे प्रमाणपत्र : सर्व डेटा कायमचा नष्ट.

काम चार मिनिटांत उरकले याची तक्रार नाही; खरे सिक्युअर इरेजही पुष्कळ ड्राइव्हवर एक-दोन मिनिटांतच होते. ते झालेच नाही, ही तक्रार आहे. त्याच रात्री भाच्याने फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढणारे सॉफ्टवेअर चालवले आणि 212 पीडीएफ वर आल्या. पहिली उघडली तो एका अशिलाचा फॉर्म 16!

खतावणीची अनुक्रमणिका फाडली, पाने जागच्या जागी, असा हा क्विक फॉरमॅटचा प्रकार. एसएसडी थेट मशीनमध्ये असती तर फॉरमॅटबरोबर ट्रिमचा आदेश (ही जागा आता रिकामी, असे एसएसडीला कळवणारा) तरी गेला असता. अनेक यूएसबी डॉक तो पुढे जाऊ देत नाहीत. तुमचा त्यातलाच असावा.

फोन केला, तर तुमचे साहेब म्हणाले, 600 रुपये जास्त द्या, सात वेळा ओव्हरराइट करतो, म्हणजे जुन्या डेटावर नवे लिहितो. हा उपाय जुन्या हार्ड डिस्कचा. एसएसडीचा कंट्रोलर प्रत्येक लिखाण नव्या जागी ठेवतो आणि 480 जीबीच्या ड्राइव्हमध्ये चिप्स साधारण 512 जीबीच्या असतात. ती राखीव जागा विंडोजला दिसतच नाही. तिथला जुना तुकडा गेल्याची खात्री नाही, ड्राइव्ह मात्र फुकट झिजते. एसएसडी विकणाऱ्यांना हे गिऱ्हाइकाने सांगायचे?

शेवटी भाच्याने ड्राइव्ह मदरबोर्डच्या साटा केबलला जोडली. ती ‘फ्रोझन’ (म्हणजे पुसण्याचा आदेश घ्यायला बंद) दाखवू लागली, तेव्हा मशीन स्लीपमध्ये टाकून उठवले आणि लिनक्सच्या एचडीपार्म या मोफत प्रोग्रामने सिक्युअर इरेजचा आदेश दिला. मग फोटोरेकच्या हाती काही लागले नाही. खर्च दोन चहा.

तेव्हा 999 रुपये परत करा आणि प्रमाणपत्र रद्द केल्याचे लेखी द्या. शिवाय त्या डॉकवर ज्यांच्या ड्राइव्ह ‘पुसल्या’, त्या सगळ्यांना कळवा. काहींनी त्या विकूनही टाकल्या असतील. मला पैशांपेक्षा याची काळजी जास्त आहे. 15 दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन.

सोबत : बिल, प्रमाणपत्र आणि 212 फाइलींची यादी (अशिलांची नावे झाकून).

आपला,
एक कर-सल्लागार
रामबाग, इंदूर