झगडा माणसाशी नाहीये

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी ख्रिस्ती आहे, जन्म आणि सगळं आयुष्य कोल्हापुरातच गेलं. हे पत्र एका पोराच्या प्रश्नामुळं लिहायला घेतलंय. आमच्या शेजारचा पोरगा, रोज पहाटे तालमीला जातो, त्यानं परवा आमच्या दारावर चिकटवलेलं उपवास-प्रार्थनेचं पत्रक वाचलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'आत्मिक युद्ध' आणि खाली तलवारीचं चित्र. मला म्हणाला, "काका, ही लढाई नक्की कुणाबरोबर ओ? आमच्याबरोबर काय?" हसत विचारलं त्यानं, पण मला रात्रभर झोप नाही आली, कारण असं विचारायची वेळ त्याच्यावर आमच्यामुळंच आली ना.

बायबलात हा विषय मुख्य करून येशूचा प्रेषित पौल यानं इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात येतो, सहाव्या अध्यायात. तो तिथं स्पष्ट लिहितो की आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे माणसाबरोबर नाहीच, कुठल्याच माणसाबरोबर नाही, मग तो कुठल्या का धर्माचा जातीचा असेना, ते सैतानाबरोबर आहे. आणि मराठीत जिथं 'झगडणे' छापलंय तिथं मूळ ग्रीकमध्ये 'पाले' असा शब्द आहे, तो कुस्तीचा शब्द आहे! हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर वाटलं की हा अध्याय कोल्हापूरकराला जेवढा कळंल तेवढा कुणाला कळणार. १९१२ पासून खासबागेत कुस्त्या बघणारं हे गाव, इथल्या लहान पोरालाही माहीत असतं की पाठ टेकली की संपलं. आता पौल त्या चार-पाच ओळींत परत परत काय सांगतो, तर उभे राहा. गावं जिंका म्हणत नाही, कुणाला पाडा म्हणत नाही, टिकून उभे राहा म्हणतो. सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, ही सगळी अंग सांभाळायची साधनं, तलवार एकच आणि ती म्हणजे देवाचं वचन. आणि हे लिहिणारा स्वतः बेड्यांत होता, पण ज्यांनी त्याला डांबलं त्यांना तो शत्रू म्हणत नाही.

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता नुसतं शिकवणं बरोबर नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं बिनसलं. त्याच सुमारास एका सभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्या घरात शत्रू शिरलाय, त्याला बांधून टाक. मी त्याचा अर्थ सोयीनं भावाच्या बायकोवर लावला. सहा वर्षं, संपादक साहेब, सहा वर्षं मी गुडघे टेकून एका माणसाविरुद्ध प्रार्थना केली आणि त्याला आत्मिक युद्ध म्हणत राहिलो. आईच्या आजारपणातसुद्धा आम्ही दोघं भाऊ वेगवेगळ्या वेळी दवाखान्यात जायचो, तोंड बघायला नको म्हणून, आणि ती बिचारी दाराकडं बघत पडायची.

माझे डोळे उघडले ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडीलजनांमुळं. ते म्हणाले सहावा अध्याय पाठ आहे ना तुला, मग आता चौथा वाच. चौथ्यात लिहिलंय की सूर्य मावळायच्या आत राग सोडा आणि सैतानाला वाव देऊ नका. दोन्ही गोष्टी एकाला एक लागून आहेत! म्हणजे तो शिरतो कुठून, तर धरून ठेवलेल्या रागातून, आणि मी तर सहा वर्षं दार उघडं टाकून बसलो होतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही पौल हेच सांगतो, सैतानाचं आपल्यावर चालू नये म्हणून क्षमा करा.

आणखी एक गोष्ट. इफिस हे जादूटोण्याचं शहर होतं, बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे की तिथल्या विश्वासणाऱ्यांनी पन्नास हजार चांदीच्या नाण्यांची मंत्रतंत्राची पुस्तकं जाळली. पण स्वतःची जाळली, शेजाऱ्याच्या घरात घुसून नाही. आजकाल आमच्यात काही लोक प्रत्येक आजाराला दुरात्मा म्हणतात, गोळ्या बंद करायला लावतात, डिप्रेशनमधल्या पोरीला रात्ररात्र बसवून ओरडतात, हे बघून जीव तुटतो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्य नावाच्या तरुण शिष्याला पौल पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडा द्राक्षारस घे असं लिहितो. आपल्या भागात मिशनरी डॉ. विल्यम वानलेस आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत दवाखाना काढला. त्यांनाही प्रार्थना येत होती की.

म्हणून सगळ्या पाळकांना हात जोडून विनंती, सहावा अध्याय शिकवताना चौथा सोडू नका, आणि पत्रकावरची तलवार काढा, त्या जागी काहीच नसलं तरी चालंल. आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना सांगतो, आमच्या कुणी तुम्हाला शत्रू म्हटलं तर तो आमच्या शास्त्राच्या विरुद्ध बोलतोय असं बेधडक त्याच्या तोंडावर सांगा.

गेल्या महिन्यात मी एसटीनं इचलकरंजीला भावाकडं गेलो. दारात वहिनीच होती (धाकट्याची बायको, पण मी पहिल्यापासून वहिनीच म्हणतो). काय बोलावं सुचंना, मी नुसतं "चुकलं माझं" म्हणालो. तिनं आत घेतलं, चहा ठेवला, भाऊ मात्र बराच वेळ गप्पच बसला. वाटणीची केस अजून चालू आहे, ती मिटंल का नाही माहीत नाही. पुढच्या तारखेला कोर्टात एकत्रच जायचं ठरलंय.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर