अरुणाचलला एकच हवामान नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील पर्यटनविषयक लेखात अरुणाचल प्रदेशाला सरसकट ‘थंड हवेचे राज्य’ म्हटले आहे आणि मे-जूनमध्ये तिथे जावे, असा सल्लाही दिला आहे. हाच सल्ला मानून मे २०१६ मध्ये आम्ही बहात्तर वर्षांच्या सासूबाईंना घेऊन तवांगला निघालो होतो, म्हणून हे पत्र.

आसामची हद्द ओलांडताच लागणारे भालुकपोंग समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. तिथे आम्ही घामाने निथळत होतो आणि सामानात सगळे लोकरीचे कपडे होते. मे महिना कोरडा असतो, असे आमच्या सहल कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात बोमडिलाच्या अलीकडे दरड कोसळली आणि भर पावसात आम्ही नऊ तास गाडीत बसून काढले. रस्त्याच्या कामावरील एका बाईने सासूबाईंना गरम पाणी आणून दिले. इकडे पाऊस मार्च-एप्रिलपासूनच धरतो, हे आम्हाला तिच्याकडून कळले. वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी दिरांगचा मुक्काम रद्द करून दुसऱ्या दिवशी आम्हाला थेट ४,१७० मीटर उंचीच्या सेला खिंडीत नेले गेले. तिथे सासूबाईंना श्वास घेता येईना, आणि आम्ही तिथूनच माघारी फिरलो. तवांगचा मठ पाहायचा राहिला, याची हळहळ त्यांना आजही वाटते.

८३,७४३ चौरस किलोमीटरच्या या राज्याला एका शब्दात कसे बसवणार? एकट्या नामदाफा राष्ट्रीय उद्यानात पायथ्याच्या सदाहरित जंगलापासून साडेचार हजार मीटरवरील बर्फापर्यंत सारे आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प हिमालयाला अडते, त्यामुळे सियांगकाठच्या पासीघाटला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही आपल्या महाबळेश्वरसारखा चार महिन्यांतच नव्हे. मार्च २०२४ मध्ये सेला बोगद्याचे उद्घाटन झाले, हे लेखात आवर्जून सांगितले आहे. पण भालुकपोंगपासूनच्या दरडी त्या बोगद्याने थांबत नाहीत, हे सांगितलेले नाही. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी उंचीची सवय होण्यासाठी वाटेत मुक्काम करावा, एवढे एक वाक्य तरी हवे होते.

आणखी एक. आपल्या रोजच्या हवामान तक्त्यात संपूर्ण ईशान्य भारतासाठी केवळ गुवाहाटीचे तापमान असते. त्यात निदान इटानगर आणि तवांग ही दोन नावे घालावीत, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे