अखाजीचा झोका आणि लेकराचं मनगट

संपादक महोदय,

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशात गावोगावी निंबाला झोके लागतात. झोक्यावरून पडताना मूल हात पुढे टेकवतं आणि सगळा भार मनगटावर येतो. घरची मंडळी ठरवून मोकळी होतात, ‘मुरगळलाय, मुका मार आहे, तेल लावून चोळा.’ कृपा करून चोळू नका. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, पट्टा लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांपेक्षा, कच्चा असतो. मोठ्या माणसाचं मनगट जिथं लचकतं, तिथं मुलाचं हाडच मोडलेलं असू शकतं.

‘बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत’ हेही खरं नाही. कोवळं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूनं चिरतं, किंवा नुसतं दबतं. हात वाकडा दिसत नाही, सूजही बेताचीच. तपासताना दुखऱ्या जागेला शेवटी हात लावा, आधी कोपर बघा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या दोन-तीन सेंटीमीटर वर एका बोटानं हलकेच दाबल्यावर मूल हात ओढून घेत असेल, किंवा तळवा उताणा-पालथा करताना रडत असेल, तर एक्स-रे काढाच.

तोही समोरून आणि बाजूनं, दोन्ही. दबलेल्या हाडाचा बारीक फुगवटा पुष्कळदा बाजूच्या फोटोतच दिसतो. कूर्चेचा पट्टा फोटोत काळ्या रेघेसारखा उमटतो. ती रेघ म्हणजे मोड नव्हे. उलट, पट्ट्यालाच मार लागला असेल तर पहिला फोटो अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून फोटो चांगला असूनही नेमकं तिथंच दुखत असेल तर हाताला आधारपट्टी ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा दाखवा. तोवर भरून येणारं हाड फोटोत दिसू लागतं. नुसत्या दबलेल्या हाडाला सहसा पक्कं प्लास्टर लागत नाही, साधारण तीन आठवडे काढता येणारी पट्टी पुरते.

अखाजीला मुलींच्या हातात बांगड्या भरलेल्या असतात. सूज चढण्याआधी त्या आणि मनगटातला दोरा काढा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो; तिथं वर्तमानपत्राची जाड घडी तळव्यापासून कोपराखालपर्यंत सैलसर बांधून हात रुमालानं गळ्यात अडकवावा. बांबूच्या कामट्या करकचून बांधणं सर्वांत घातक. बोटं गार, फिकट वा बधिर झाली, किंवा ती सरळ करताना कळ वाढत गेली, तर बांधलेलं तत्क्षणी सोडा आणि रात्र असली तरी निघा. रक्त अडलं तर स्नायू काही तासांतच मरतात.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, जळगाव